झोळीसह परमुलखात : उमापूर परिसरातील ऊसतोडीच्या वाटेचा इतिहास

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे महसुली मंडळाचे गाव अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, शेवगाव तालुक्याला लागून असलेल्या पट्ट्यात वसलेले असून, या पट्ट्यातील शेकडो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखात परततात. या स्थलांतरावर आजवर जे लिहिले गेले त्यात मजुरीचे दर, मुकादमाची उचल, संप आणि लवाद यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले, आणि शाळाबाह्य मुलांचा प्रश्न त्यानंतर आला. परंतु या वाटेवर दरवर्षी निघणारा एक प्रवासी कोणत्याही करारात, हजेरीपटात वा पटनोंदणीत क्वचितच आढळतो, आणि तो म्हणजे आईच्या अंगावरचे, रांगणारे किंवा नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल. ऊसतोडीच्या प्रवासाची वाहने, मुक्काम, कामाची वाटणी आणि थोरल्या भावंडांचे भवितव्य या साऱ्यांवर या मुलाच्या सोबतीची छाप आहे, आणि म्हणून या प्रथेचा इतिहास त्याला बाजूला ठेवून सांगता येत नाही.

आज शेवगावकडे जाताना जिल्हा ओलांडला तरी प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही, पण सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन राज्यांमधील सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे १९४७ पर्यंत ब्रिटिशांचा असलेला मुंबई इलाखा अशी ही विभागणी असल्यामुळे, गेवराईच्या शेतकऱ्याने शेवगाव-पाथर्डीच्या बाजारात जाणे म्हणजे कायद्याच्या भाषेत परक्या राज्यात जाणे होते. संस्थानचे स्वतःचे नाणे होते, त्याला हाली सिक्का म्हणत, आणि सुमारे सात हाली रुपये मोजल्यावर सहा इंग्रजी म्हणजे कलदार रुपये मिळत. सरहद्दीवर करोडगिरीची नाकी होती, करोडगिरी म्हणजे संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरील जकात. मराठवाड्याच्या या भागातून पश्चिमेकडे मजुरीला जाणाऱ्यांच्या दृष्टीने ‘मुलूख’ हा शब्द म्हणूनच नुसता बोलण्याचा नव्हता, कारण नाणे, अंमलदार, कचेरीची भाषा आणि करवसुलीची रीत हे सारे एका दिवसाच्या वाटेवर बदलत होते. १८७६-७८च्या आणि १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळांनी दख्खनमधील कुटुंबांना मुलाबाळांसह वाटेला लावले, त्या काळात सरहद्द हा अडथळाही होता आणि आधारही, कारण पलीकडच्या राज्यात दुष्काळी कामे निघाली असतील तर लोक तिकडे सरकत. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, धाकाने सीमेवरच्या अनेक गावांतील कुटुंबांनी मुंबई इलाख्यात आसरा घेतला आणि संस्थानविरोधी लढ्याचे कॅम्पही त्याच बाजूला उभे राहिले. लेकरे घेऊन सरहद्द ओलांडण्याची सवय या भागाला साखर कारखान्यांनी लावलेली नाही. ती त्यांच्या आधीची आहे.

साखरेने या जुन्या वाटेला ठरावीक हंगाम आणि ठरावीक दिशा दिली. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदावरीचे कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना व त्याची विस्तीर्ण ऊसमळ्यांची जमीन हे या पाण्याचे पहिले मोठे औद्योगिक रूप ठरले. १९३२ च्या संरक्षक कायद्याने परदेशी साखरेवर जकात बसताच दख्खनच्या कालवा क्षेत्रात खासगी कारखाने एकामागून एक उभे राहिले. ऊस तोडल्यावर त्यातील साखरेचा उतारा तासागणिक घटत जातो, म्हणून तोडलेला ऊस दिवसभराच्या आत गाळपाला पोचवावा लागतो. याचा अर्थ असा की कारखाना सुरू असेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, तोडणारे हात रोज आणि अखंड लागतात, आणि एकदा हंगाम संपला की त्यांची गरजच उरत नाही. असे हात कालव्याच्या गावांत मिळेनात, कारण तिथल्या शेतमजुराला बारमाही बागायतीत काम होते. ते मिळाले पर्जन्यछायेच्या प्रदेशात, जिथे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो आणि बाजरी निघाल्यावर, ज्वारी पेरून झाल्यावर, कोरडवाहू कुटुंबाला उन्हाळ्यापर्यंत पुरेसे काम उरत नाही. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, शिरूर, पाटोदा आणि गेवराई हा एकमेकांना चिकटलेला पट्टा असा ऊसतोडीचा पट्टा झाला.

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१च्या हंगामात पहिले गाळप केले, आणि पुढच्या दोन दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत सहकारी कारखान्यांची रांग लागली. सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला मालक केले, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासातील थोर घटना आहे. परंतु ऊस तोडणारा या सहकाराचा सभासद नव्हता आणि कारखान्याचा कामगारही नव्हता, ही त्याच घटनेची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे नोंदवावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, सरहद्दीवरची नाकी इतिहासजमा झाली, तरी मजुराच्या लेखी पश्चिमेचा बागायती प्रदेश परमुलूखच राहिला, कारण तिथे त्याचे रेशन नव्हते, मत नव्हते, सोयरे नव्हते आणि राहायला भिंतीचे घर नव्हते. १९७२च्या दुष्काळानंतर या मुलखात जाणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की काही गावांमधून दिवाळीनंतर म्हातारी माणसेच मागे उरू लागली.

लहान मूल या प्रवासात का जाते, याचे उत्तर मजुरीच्या घडणीत आहे. ऊसतोडीत मोजणीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याने येणाऱ्याला अर्धा कोयता म्हणतात. श्रावण-भाद्रपदात मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, जोडप्याला उचल देतो, ही उचल म्हणजे हंगामातील मजुरीची आगाऊ रक्कम असते, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, जोडप्याने ती कामातून फेडायची असते. पुरुष ऊस तोडतो, स्त्री पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, सोलते, वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, वेगळे करते आणि मोळ्या बांधते, मग दोघे मिळून मोळ्या डोक्यावरून वाहनात भरतात. ही जोडी मोडली की दिवसाचे दीड-दोन टनांचे काम होत नाही. म्हणून बाळंतीण असो वा दिवस भरत आलेली असो, बाईला मागे राहता येत नाही, आणि आई गेली की अंगावर पिणारे मूल तिच्याबरोबर जाणारच. उचल फेडण्याच्या या पद्धतीत गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचा दंड मजुरीतून वळता होतो; त्यामुळे मूल तापाने फणफणले आणि आई त्याला घेऊन दवाखान्यात बसली, तर त्या दिवसाचा हिशेब मुलाच्या आजारपणावर लागत नाही, तो आईच्या नावावर खाडा म्हणून पडतो. दरवाढीसाठी या कामगारांनी कोयता बंद ठेवून अनेक लढे दिले, पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि परळीजवळच्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे यांनी त्यांचे नेतृत्व केले, साखर संघाशी, म्हणजे सहकारी कारखान्यांच्या राज्य संघटनेशी, करार झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढही मान्य झाली. मात्र या सगळ्या काळात दर टनावर ठरत आला आणि मजुरी कोयत्याला मिळत आली. कडेवरचे मूल या दोन्ही मापांच्या बाहेर राहिले.

बैलगाडीच्या काळातील प्रवास सर्वांत संथ होता आणि, लहान मुलापुरते बोलायचे तर, कदाचित सर्वांत सुसह्यही होता. उमापूरहून शेवगाव, नेवासे आणि श्रीरामपूरकडे जाणारी वाट सव्वाशे किलोमीटरच्या घरातली, आणि भरल्या गाडीचा बैल दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरांहून अधिक चालत नाही. त्यामुळे प्रवरेच्या काठावर पोचायला चार-पाच मुक्काम लागत. गाड्या एकामागे एक निघत. प्रत्येक गाडीत ज्वारी-बाजरीची पोती, मिरचीचे वाटण, तवा, परात, हंडे, पांघरुणे, कुऱ्हाड-कोयते, बैलांचा कडबा, डालग्यात कोंबड्या आणि गाडीच्या मागे दोरीला बांधलेली शेळी असे. शेळी हा शौक नव्हता. परमुलखात दूध विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरात आईचे दूध आटले तर वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला तेवढाच आधार होता, आणि शेळी वाटेवरच्या बाभळीच्या शेंगांवर जगत असल्याने तिचा वेगळा खर्च नव्हता. गाडीच्या आडव्या दांड्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई. लुगडे नऊवारी असल्यामुळे त्याचे दोन-तीन पदर एकावर एक येत, ते खडबडीत वाटेचे हिसके झेलत, आणि वरचा पदर ओढून घेतला की ऊन व धूळ दोन्ही आडत. चालत्या गाडीच्या लयीत मूल झोपे, आणि चढण आली की बैलांचा भार कमी करण्यासाठी मोठी माणसे उतरून चालत, झोळी मात्र गाडीतच राही. नदीकाठच्या मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापल्या जात, मुलाला भाकरीचा मऊ पापुद्रा दुधात किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करून भरवला जाई. बाळघुटीच्या मुळ्या, ओवा आणि वेखंड यांची पुरचुंडी आजी वेगळी बांधून देत असे, कारण पुढच्या सहा महिन्यांत विचारायला ती जवळ नसे.

कारखान्यांनी पुढे रबरी चाकांची टायरगाडी आणली, जी कारखान्याची असे आणि बैल मजुराचे असत. त्यामुळे फडापासून, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतापासून, कारखान्यापर्यंतची वाहतूक वेगवान झाली आणि ऊसतोडीत गाडीवानांचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला. जे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरत, त्यांचा गट ‘डोकी सेंटर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कारखान्यांचे कार्यक्षेत्र जसजसे दक्षिणेकडे सांगली-कोल्हापूरपर्यंत आणि पुढे कर्नाटकातील संकेश्वर, चिक्कोडी, बागलकोटपर्यंत ताणले गेले, तसतसा गाडीने जाण्याचा काळ मागे पडला. बीड शहरालाही २०२५ पर्यंत रेल्वे नव्हती आणि गेवराई तालुक्यात लोहमार्ग नाही, तेव्हा हा प्रवास कायमचा रस्त्याचाच राहिला; आधी टोळीला न्यायला कारखान्याकडून ट्रक येत, मग त्यांची जागा दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरने घेतली. वेग वाढला आणि सोबतच लहान मुलाचा धोका वाढला, ही गोष्ट या बदलाच्या वर्णनात सहसा येत नाही. ट्रॉलीत खाली धान्याची पोती, त्यावर गाद्या-गोधड्या, त्यावर पत्र्याच्या पेट्या आणि सर्वांत वर माणसे बसतात. झोळी बांधायला आडवी दांडी असली तरी ट्रॉलीचा हिसका बैलगाडीसारखा लयीचा नसतो, म्हणून आया मुलाला मांडीवर घेऊन पदराने स्वतःच्या कमरेला बांधून घेतात आणि दहा-बारा तास, कर्नाटकात जायचे तर त्याहूनही अधिक, तशाच बसून राहतात. मालवाहू वाहनातून माणसे नेण्यावर मोटार वाहन कायद्याचे निर्बंध आहेत, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली तर शेतीकामाची म्हणून नोंदलेली असते. पण बसचे भाडे, सहा महिन्यांचा संसार आणि शेळी-कोंबड्या यांचा मेळ बसत नसल्याने हीच रीत पक्की झाली.

पोचल्यावर मूल ज्या घरात राहते त्याला कोपी म्हणतात. बांबूच्या तट्ट्या कमानीसारख्या वाकवून, वर पाचट किंवा ताडपत्री टाकून ती उभारली जाते, मोठ्या माणसाला आत वाकूनच शिरावे लागते, आणि कोप्यांचा तळ बहुधा कारखान्याजवळच्या माळावर किंवा कालव्याकाठी पडतो. पौष-माघाच्या थंडीत कोपीच्या तोंडाशी शेकोटी आणि आत पाचटाचे अंथरूण असते, तेव्हा आगीचे भय सतत असते. गाळप थांबू द्यायचे नसल्यामुळे वाहन कोणत्याही वेळी भरायला लागते. रात्री दोन-तीनला हाक आली की आई-बाप दोघे निघतात आणि झोपलेले मूल थोरल्या बहिणीच्या कुशीत सोडले जाते. पहाटे फडावर गेल्यावर बांधावरच्या झाडाला झोळी बांधतात. झाड नसेल तर तीन लांब उसांचे टोक एकत्र बांधून तिकाटणे उभे करतात आणि त्याला झोळी अडकवतात. उसाच्या पानाची कड धारदार असते, पाचटात विंचू-साप असतात, आणि रांगणारे मूल पाचटाखाली सहज दिसेनासे होते, म्हणून वाहन मागे घेताना कोणीतरी मोठ्याने ओरडून मुलांची जागा विचारावी, असा शहाणपणा टोळ्यांनी अनुभवातून बाणवला आहे. आई मधूनच येऊन दूध पाजते. हात चिकट आणि अंगाला कुसळे असल्याने आधी पदराने छाती पुसते. तिला लागणारा तेवढा वेळ तोडणीत तुटतो आणि मोळ्या मागे पडतात.

थोरल्या बहिणीचा उल्लेख वर सहज आला, पण या इतिहासात तिचे स्थान मध्यवर्ती आहे. आठ ते बारा वर्षांची मुलगी टोळीत नेली जात असे ती मुख्यतः धाकट्याला सांभाळण्यासाठी. कोयत्यात तिची गणना नव्हती, पण तिच्याशिवाय कोयता पूर्ण चालत नव्हता. मुलींची शाळा चौथी-पाचवीला तुटणे, वयात आल्यावर तिला मागे ठेवणेही भीतीचे आणि सोबत नेणेही भीतीचे वाटून लवकर लग्न लावून देणे, आणि लग्नानंतर लगेच तिच्या नावाने नवा कोयता उभा राहणे, ही साखळी बीड जिल्ह्याच्या बालविवाहांच्या चर्चेत वारंवार मांडली जाते. या साखळीची पहिली कडी धाकट्या भावंडाची झोळी आहे. झोळीजवळ कोणाला तरी बसावे लागते, आणि आईला बसता येत नाही.

कामावरच्या आयांच्या लहान मुलांची जबाबदारी मालकाची, हा विचार भारतात नवा नव्हता. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन झोपवले जाते असे आढळले, त्याने खळबळ उडाली, आणि त्या चर्चेच्या पार्श्वभूमीवर मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. १९४८च्या कारखाने अधिनियमाने ठरावीक संख्येहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले, १९५१च्या मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर यांच्या मळ्यांनाही ते लागू केले. ऊस मात्र या कायद्याच्या अर्थाने मळा ठरला नाही, आणि फड हा कारखान्याचा भाग ठरला नाही. साखर कारखान्याच्या आवाराच्या आत पाळणाघराचे कलम होते आणि कारखान्याला रोज लागणारा ऊस जिथे तोडला जात होता तिथे नव्हते, हा भेद त्या काळच्या कायदे करणाऱ्यांना खटकला नाही, याचे आज अधिक वाईट वाटते, कारण त्याच महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे काढली आणि रोजगार हमी योजनेत कामाच्या ठिकाणी सावली, पाणी व मुलांच्या सांभाळाची तरतूद केली. तेव्हा गावाजवळच्या पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलाला सावलीचा हक्क कागदोपत्री तरी होता. तीच बाई कार्तिकात नगरला गेली की तो संपत होता. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत वीस किंवा अधिक स्त्रिया असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आली, पण ती राज्याबाहेर नेलेल्या मजुरांपुरती, म्हणजे उमापूरहून संकेश्वरला गेलेल्यांना लागू आणि सांगलीला गेलेल्यांना नाही. संकेश्वरलाही पाळणाघराची मागणी करायची ती कोणाकडे, हा प्रश्न उरतोच, कारण कारखाना तोडणी-वाहतूक संस्थेशी करार करतो, संस्था वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम जोडप्याशी, तोही बहुधा तोंडी. दिल्लीत १९६९ मध्ये बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी ‘मोबाइल क्रेशेस’चे काम सुरू केले आणि ते पुढे मुंबई-पुण्यातही पोचले, फिरत्या मजुराबरोबर पाळणाघरही फिरले पाहिजे, हा त्यामागील विचार ऊसतोडीला जसाच्या तसा लागू पडणारा होता.

सरकारने आणि संस्थांनी ऊसतोड कुटुंबाच्या मुलांकडे पाहिले ते प्रामुख्याने शाळेच्या खिडकीतून. १९९०च्या दशकात कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू झाल्या, त्यात ‘जनार्थ’सारख्या संस्थांचा वाटा मोठा होता, आणि तळावर निदान काही तास मुलांना छप्पर व शिक्षक मिळाले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना नियमित शाळेतच बसवण्यावर भर आला, गावात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना रुजली, आणि २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे उभारण्याचा निर्णय घेतला. मोठ्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, दृष्टीने हे बदल मोलाचे आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण या योजनांचे वय सहापासून सुरू होते, आणि त्यांच्या यशाचा एक परिणाम लक्षात घेतला गेला नाही : थोरली बहीण गावातल्या शाळेत राहिली की फडावरच्या झोळीजवळ बसणारे शेवटचे माणूसही कमी होते. अशा वेळी काही कुटुंबे आजीला सोबत नेतात, काही टोळ्या एका वयस्क बाईकडे सगळी पोरे सोपवतात आणि तिला प्रत्येक कोयत्यामागे थोडेथोडे देतात. टोळीने आपल्या गरजेतून उभे केलेले हे पाळणाघरच आहे, फक्त त्याला इमारत, नाव आणि अनुदान नाही.

आरोग्याच्या व्यवस्थेत या मुलाला काहीशी अधिक जागा मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या गावोगाव झाल्या आणि सहा वर्षांखालील मुलाला पूरक आहार मिळू लागला; मात्र पट गावाचा असल्याने मूल गावाबाहेर गेले की आहार मागे राही. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. ज्या मुलाचे नऊ महिने मार्गशीर्षात भरतात त्याची ती तारीख कोणत्यातरी फडावर उगवते, आणि तिथल्या आरोग्यसेविकेला ते मूल आपल्या यादीत दिसत नाही. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमेने या बाबतीत खरी वाट दाखवली, कारण त्या मोहिमेने वीटभट्ट्या, बांधकामे आणि ऊसतोडीचे तळ यांची वेगळी यादी करून तिथे फिरती पथके पाठवली. मुलाचे गाव न विचारता ते आज जिथे आहे तिथेच त्याला दोन थेंब पाजायचे, असे तिचे सूत्र होते. कर्नाटकातील तळावर जन्मलेल्या मुलाच्या आईच्या हाती तिथले ‘तायी कार्ड’, म्हणजे माता-बाल नोंदीचे कन्नड कार्ड, येते, आणि वैशाखात ते घेऊन ती गेवराई तालुक्यातील केंद्रात गेली की कोणत्या लसी झाल्या हे वाचून घेण्यासाठी कन्नड जाणणारे माणूस शोधावे लागते. अलीकडे महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित कुटुंबांचा माग ठेवणारी प्रणाली आणली असून, गावची अंगणवाडी सेविका मूल कुठे चालले याची नोंद करते आणि पोचल्या ठिकाणच्या सेविकेला ती दिसावी अशी अपेक्षा आहे. शिधापत्रिका देशात कुठेही चालण्याची सोय झाल्यामुळे धान्याची पोती वाहून नेण्याची गरजही काही प्रमाणात कमी व्हावी.

उमापूर परिसराच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले, आणि त्याचा उजवा कालवा शेवगाव-गेवराई तालुक्यांतून माजलगावकडे गेला. गेवराईजवळ गढी येथे जयभवानी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या तालुक्यातून माणसे ऊस तोडायला परमुलखात जातात, त्याच तालुक्यात कालव्याच्या पट्ट्यात ऊस उभा असतो आणि तो तोडायला टोळ्या लागतात. तरीही स्थलांतर थांबले नाही, कारण कालव्याचे पाणी सर्व शिवारांना मिळत नाही, दुष्काळी वर्षी धरणच भरत नाही, आणि उचल देणारा मुकादम दूरच्या कारखान्याशी बांधलेला असतो. स्थानिक कारखान्यावर काम मिळालेल्या कुटुंबाच्या मुलाला मात्र फरक पडतो. आजी दिवसाआड येऊ शकते, अंगणवाडीचा पट तुटत नाही, आणि ताप आला तर ओळखीचा दवाखाना जवळ असतो. सहा महिन्यांच्या या प्रथेतील मुलाचे हाल अंतराने किती वाढतात, हे या तुलनेतून जितके कळते तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही.

ऊसतोडणी यंत्रे आता फडात दिसू लागली आहेत आणि सरकार त्यांच्या खरेदीला अनुदान देते, तरी लहान तुकड्यांची शेते व ओली जमीन यांमुळे कोयत्याचे काम अद्याप मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांमध्ये पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची जबाबदारी दिलेली आहे. एका तळावर दहा-दहा, वीस-वीस कोयत्यांच्या अनेक टोळ्या उतरतात आणि त्या सर्वांचा ऊस एकाच कारखान्यात जातो. त्या टोळ्यांची मोजणी मुकादमागणिक वेगळी करायची की कारखान्याच्या नावावर एकत्र करायची, यावर झोळीतल्या मुलाला पाळणाघर मिळणार की नाही हे ठरेल, आणि ही मोजणी हंगामाच्या सुरुवातीलाच, कारखान्याला गाळप परवाना देताना, करून घेणे साखर आयुक्तालयाला अशक्य नाही.